नाव नसलेली सूलची दुनळी: १६ बोअर, एप्रिल १९२७

या बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर ‘क्रुप लाउफश्टाल’ एवढी अक्षरं आहेत, म्हणजे नळ्यांचं पोलाद क्रुप या जर्मन कंपनीचं. बाकी पट्टी कोरी. त्यामुळे लिलावाच्या यादीत अशी बंदूक ‘जर्मन, अनामिक, सुंदर नक्षी’ एवढ्या वर्णनावर येते. घेणारा नक्षी पाहून बोली लावतो आणि नळ्या उलटून बघायचं राहून जातं. नक्षी खरोखर बघण्यासारखी आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण ही बंदूक घ्यावी की नाही, याचं उत्तर तिच्या पोटाखाली छापलेलं आहे.

नाव नसणं हा दोष नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. जर्मनीच्या थुरिंगियातलं सूल आणि शेजारचं झेला-मेहलिस इथे झाउअर, हेनेल, मर्केल, ग्राइफेल्ट अशी मोठी नावं होती, पण त्यांच्या आजूबाजूला छोट्या कार्यशाळांचं दाट जाळंही होतं. एकाने ॲक्शन (नळ्या आणि दस्ता यांच्यामधला यंत्रणेचा पोलादी भाग) कानशीने घासून द्यायची, दुसऱ्याने नळ्या जोडायच्या, तिसऱ्याने दस्ता बसवायचा, नक्षीवाल्याने आपल्या टेबलावर कोरून परत पाठवायची. तयार बंदूक दुसऱ्याच गावातला दुकानदार स्वतःच्या नावाने विकायचा, किंवा ती बिननावाचीच जायची. संग्राहक अशा बंदुकांना ‘गिल्ड गन’ म्हणतात. या वर्गातलं काम मोठ्या नावांइतकंच उत्तम असू शकतं आणि अगदी सुमारही असू शकतं. नावाचा आधार नसल्यामुळे प्रत्येक नग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

मापं अशी: बोअर (नळीच्या व्यासाचं माप) १६, नळ्या ७२ सेंमी, वजन २.८५ किलो, पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३६ सेंमी, दस्त्याच्या टाचेपाशी नळ्यांच्या रेषेपासून उतार ७२ मिमी. दोन चाप, उडालेली खोळ बाहेर फेकणारे एजेक्टर, सेफ्टी मानेवर (दस्त्याच्या बारीक भागावर) सरकती. पिस्तूल-पकडीचा दस्ता, डाव्या बाजूला गालाची उशी, शिंगाचा चापरक्षक आणि पट्ट्यासाठी दोन कड्या. सगळं नमुनेदार जर्मन. इंग्लिश बंदूक हातात खेळवायची असते, तिला सहसा कड्या नसतात. जर्मन शिकारी बंदूक खांद्याला अडकवून दिवसभर जंगलात चालतो, म्हणून कड्या हव्यातच.

आता नक्षी. बाजूच्या दोन पट्ट्यांवर प्राण्यांची चित्रं आहेत, भोवती ओकची पानं, आणि ब्रीचच्या (नळ्यांच्या मागच्या टोकाला टेकणाऱ्या ॲक्शनच्या भिंतीच्या) दोन गोल गालांवर तीच पानं उठावात. उठावाची पानं आणि सपाट चित्रं ही दोन वेगळी कामं असतात. पानांसाठी आजूबाजूचं पोलाद छिन्नीने खाली उतरवतात, मग उरलेल्या पानाला गोलाई देतात आणि खालच्या जमिनीवर टोकदार पंचाने बारीक ठिपके मारतात, म्हणजे जमीन काळसर दिसते आणि पान वर येतं. या बंदुकीत ठिपके एकसारखे आहेत, पण ओळीत नाहीत. हाताने मारलेल्या ठिपक्यांची ही खूण. यंत्राने दाबून उठवलेल्या किंवा तेजाबाने खाल्लेल्या स्वस्त नक्षीत खोली सगळीकडे सारखी असते आणि काठाची वेल ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येते. भिंगाखाली दोन पानं शेजारी ठेवून पाहिली की फरक लगेच कळतो. इथे एका पानाला सात पाळ्या, शेजारच्याला सहा, आणि देठ प्रत्येकाचा वेगळा वळलेला.

उजव्या पट्टीवर तितरांसमोर थबकलेला शिकारी कुत्रा आहे. या बंदुकीतलं सगळ्यात चांगलं काम हेच. कुत्र्याचा उजवा पुढचा पाय उचललेला आहे आणि त्या पायाचा पंजा कोपराखाली सैल लोंबतोय. खऱ्या कुत्र्याचा पंजा असाच लोंबतो. कमी प्रतीच्या कारागिराचा कुत्रा पंजा ताठ धरतो. मागच्या मांडीवर केसांच्या छोट्या रेघा स्नायूच्या वळणाने वळतात, आणि खुब्यापाशी त्या दाट होतात म्हणून तिथे सावली पडते. डोळा एका ठिपक्याचा नाही: आधी बदामी रेघ, आत खोल टोचा, आणि वरच्या कडेला न कोरलेली केसाएवढी जागा, जिच्यावर उजेड पडला की डोळा ओला दिसतो. गवत मात्र घाईत उरकलं आहे. डाव्या पट्टीवरचा कोल्हा दुसऱ्या हाताचा वाटतो. शेपूट जड, मान लांब, मागचे पाय आखूड. सूलमध्ये एका बंदुकीवर दोन हात चालणं नवल नाही.

बाजूच्या पट्ट्या पाहून ही साइडलॉक, म्हणजे यंत्रणा त्या पट्ट्यांच्याच आत बसवलेली बंदूक, आहे असा समज करून घेऊ नये. आत ॲन्सन-डीलीची बॉक्सलॉक, म्हणजे ॲक्शनच्या पोटात बसणारी यंत्रणा आहे, १८७५ च्या पेटंटवरची. पट्ट्यांच्या मागे काहीही नाही. नक्षीला जागा मिळावी म्हणून त्या लावल्या आहेत. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या भागांच्या खिळ्यांची तोंडं चार-पाच ठिकाणी दिसतात. इथे एकच स्क्रू आहे. विक्रेत्याने ‘साइडलॉक’ लिहून त्याप्रमाणे भाव सांगितला असेल तर तो भाव चूक आहे. बॉक्सलॉक म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. भाग कमी, कमानी दणकट, दुरुस्ती सोपी.

नक्षीची झीज वाचायला शिकलं की बंदुकीचा इतिहास बराचसा उलगडतो. एका हातात आडवी धरून चालताना बोटं ॲक्शनच्या पोटावर येतात, म्हणून तिथली नक्षी आधी झिजते. चापरक्षकाच्या मुळाशी, बंदूक उघडायच्या वरच्या कळीच्या खाली आणि गालांच्या खोबणीत ती ताजी राहते. या बंदुकीत नेमकं तसंच आहे: पोटावरच्या रो-हरणाची पाठ जवळजवळ गुळगुळीत झाली आहे, खोबणीतली पानं मात्र धारदार. ही प्रामाणिक झीज. सगळीकडे सारखी बोथट झालेली, कडा गोल झालेली आणि स्क्रूभोवती बशीसारखा खोलगटपणा आलेली नक्षी म्हणजे कोणीतरी ॲक्शन बफिंगच्या चाकावर धरली आहे. त्यातून गेलेलं पोलाद परत येत नाही.

स्क्रूच्या डोक्यांवरूनही पानांच्या रेघा जातात. स्क्रू पूर्ण बसला की त्यावरची रेघ बाहेरच्या रेघेशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि त्याची खाच नळीच्या रेषेत यायला हवी. इथे सहापैकी पाच जुळतात. पुढचा, चापरक्षकाजवळचा स्क्रू जवळपास पंधरा अंश पुढे गेला आहे आणि खाचेच्या एका ओठाला चपटेपणा आहे. म्हणजे चुकीच्या रुंदीच्या पेचकसाने ही बंदूक एकदा तरी उघडली गेली आहे. कशासाठी उघडली, ते आत बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून विक्रेत्याला हे विचारायलाच हवं.

नक्षीबद्दल एक इशारा देणं आवश्यक आहे. कोरीवकाम मऊ पोलादावर होतं, त्यानंतर ॲक्शन हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद पेटीत तापवून पाण्यात विझवतात. त्याने वरचा थर कडक होतो आणि निळे-तपकिरी ढग उमटतात. या नगावर ते रंग गालांच्या खोबणीतच उरलेत, बाकी ॲक्शन राखाडी आहे. कोणी ‘नक्षी पुन्हा उजळून आणि रंग परत आणून देतो’ म्हणालं तर नकार द्यावा. कडक थरावर छिन्नी चालत नाही, ती चालण्यासाठी आधी ॲक्शन तापवून मऊ करावी लागते. नंतर नीट पुन्हा कडक केली नाही तर बिजागरीचा खिळा आणि नळ्या बंद धरणाऱ्या खिटीची जागा भराभर झिजते, आणि कडक करताना ॲक्शन वाकली तर नळ्या बसतच नाहीत. गॅसच्या ज्योतीने नुसते रंग आणलेल्या ॲक्शनवर ढगांऐवजी पट्टे दिसतात. असे पट्टे दिसले की ती बंदूक सोडून द्यावी.

इथून पुढे नळ्या काढून उलट्या धराव्यात. आधी पुढचं लाकूड काढायचं, मग वरची कळ उजवीकडे दाबून नळ्या खाली झुकवायच्या आणि नळ्या बिजागरीवरून उचलायच्या. एजेक्टरची यंत्रणा पुढच्या लाकडात असते. नळ्या बाजूला असताना चाप ओढू नये. घोडे पडले तर नळ्या परत बसत नाहीत आणि जोर लावला तर घोडे चढवणारे दांडे वाकतात.

नळ्यांच्या सपाट पोटावर जर्मन चाचणीच्या, म्हणजे जादा दाबाचं काडतूस उडवून घेतलेल्या सरकारी परीक्षेच्या, मोहरा असतात. जर्मनीचा चाचणी कायदा १८९१ चा, तो लागू झाला १ एप्रिल १८९३ ला. तेव्हापासून १९३९ च्या नव्या कायद्यापर्यंत मोहरांची भाषा साधारण एकच आहे: मुकुट आणि त्याखाली अक्षर. ‘यू’ म्हणजे उंटरझूखुंग, नजरतपासणी. ‘एस’ म्हणजे श्रोट, छर्ऱ्यांची नळी. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यूर्गेबोरुंग, चोक असलेली, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेली नळी. ‘जी’ म्हणजे गेत्सोगन, आत पेच कापलेली नळी. हे अक्षर छर्ऱ्यांच्या दुनळीवर दिसलं तर काहीतरी गडबड आहे किंवा ती वेगळीच बंदूक आहे. सगळ्यात महत्त्वाची मोहर नायट्रोची, म्हणजे धूरविरहित दारूने चाचणी झाल्याची: मुकुटाखाली ‘एन’ किंवा सरळ ‘नायट्रो’ हा शब्द. ही पद्धत १९११-१२ नंतरची. त्याआधीच्या बंदुकीवर नायट्रोची खूण नसेल तर आजची काडतुसं तिच्यात घालण्याआधी ती चाचणी केंद्रात गेलीच पाहिजे. जर्मनीत सूल, उल्म, कोलोन, म्युनिक, मेलरिशश्टाट इथे अशी सरकारी केंद्रं आहेत. १९४० पासूनच्या मोहरांत मुकुटाची जागा गरुडाने घेतली.

या नगावर यू, एस, डब्ल्यू आणि नायट्रो, चारही स्पष्ट आहेत. वर्तुळात १६ आणि सी, म्हणजे सोळा बोअरचा चेंबर, नळीतली काडतूस बसायची जागा. शेजारी ‘४ २७’. सूलच्या त्या काळातल्या बंदुकांवर असा महिना-वर्ष छापलेला सापडतो, म्हणजे चाचणी एप्रिल १९२७ ची. मोहरांच्या कडा तीक्ष्ण आहेत, त्यामुळे हा भाग कधी घासलेला नाही असं समजायला हरकत नाही. उजव्या आणि डाव्या नळीचा, ॲक्शनचा आणि पुढच्या लाकडाचा क्रमांक एकच आहे. तो जुळत नसेल तर पुढचं लाकूड दुसऱ्या बंदुकीचं असू शकतं आणि एजेक्टर वेळेवर उडतीलच असं नाही.

चेंबरच्या लांबीचा आकडा मात्र कुठेही छापलेला नाही. या वयाच्या जर्मन बंदुकीवर तो नसणं नेहमीचं, आणि अशा वेळी ६५ मिमी धरून चालायचं. मोजल्यावर दोन्ही चेंबर ६५ निघाले. आजची सर्वसाधारण काडतुसं ७० मिमीची असतात, आणि घोटाळा इथेच होतो. काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या खोळीची असते. न उडालेलं, चांदणीसारखं दुमडलेलं ७० मिमीचं काडतूस साठ मिमीच्या आत-बाहेर भरतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये अगदी सहज जातं आणि बंदूक नीट बंदही होते. उडवल्यावर दुमड उघडते, तिला जागा मिळत नाही, खोळीचं तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि छर्ऱ्यांची वाट अरुंद होते. दाब चढतो. एका बाराने काही झालं नाही म्हणून ते चालतं असा निष्कर्ष काढू नये. दर वेळी तो भार बिजागरी आणि खिटी सोसतात आणि बंदूक हळूहळू सैल होते.

म्हणून डब्यावर ‘१६/६५’ लिहिलेलंच काडतूस वापरायचं. युरोपात ती अजून बनतात, साधारण २४ ते २७ ग्रॅम छर्ऱ्यांची. सोळा बोअरच्या काडतुसांसाठी सीआयपी या बंदूक-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा ७८० बार (इथे बार हे दाबाचं एकक) आहे. या वयाच्या बंदुकीला त्यातलं हलकं काडतूस द्यावं. चेंबर ७० पर्यंत वाढवून घेण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो घेऊ नये. चेंबरच्या पुढच्या टोकाला भिंत आधीच उतरती असते, तिथलं पोलाद आणखी काढायचं आणि मग कायद्याप्रमाणे पुन्हा चाचणी करायची, एवढं करून मिळतं काय, तर स्वस्त काडतुसं. कोणी आधीच वाढवला असेल तर चेंबरमध्ये ताजी, वेगळ्या चमकेची कडी दिसते. त्या बंदुकीवर नव्या चाचणीची मोहर नसेल तर ती घेऊ नये.

नळ्यांची आतली बाजू खिडकीकडे धरून पाहायची. नळीचं तोंड खिडकीच्या चौकटीच्या कडेवर आणलं की चौकटीची सावली आत एक सरळ काळी रेघ म्हणून पडते. नळी हळूहळू फिरवावी. रेघ कुठे थरथरली तर तिथे डेंट किंवा फुगवटा. या नगात उजवी नळी निर्दोष आहे. डावीत चेंबरपासून २० सेंमीवर बोटभर लांबीचे बारीक खड्डे आहेत, बहुधा तेल न लावता ओलसर कपाटात ठेवल्याचे. अशा एकसंध ओतीव पोलादाच्या नळीत एवढ्या खड्ड्यांनी बारावर परिणाम होत नाही, फक्त सफाईला दुप्पट वेळ लागतो आणि शिशाचा थर तिथे आधी धरतो. फॉस्फर ब्राँझचा ब्रश चालवायचा. खड्डे घालवण्यासाठी नळी आतून घासून घ्यायची नाही.

कारण खरा प्रश्न भिंतीच्या जाडीचा आहे. नळी आतून घासली, वरून पॉलिश करून पुन्हा काळी केली, की भिंत दोन्हीकडून पातळ होते आणि डोळ्याला ते दिसत नाही, उलट बंदूक नवी वाटते. जाडी मोजायला लांब हातांचं खास मापक लागतं. ते नसलेल्या दुकानातून जुनी दुनळी घेऊ नये, इतकं हे महत्त्वाचं आहे. इथे सर्वात पातळ जागा डाव्या नळीत, मधोमध, ०.६८ मिमी. उजवीत ०.७४. अर्ध्या मिमीच्या खाली गेलेली नळी वापरासाठी नाही, भिंतीवर लावायची. ०.६८ चांगलं आहे. आतला व्यास दोन्ही नळ्यांत १६.९ च्या आसपास, सोळा बोअरचं प्रमाण माप १६.८, म्हणजे नळ्या घासलेल्या असतीलच तर अगदी थोड्या.

दोन नळ्यांमधल्या वरच्या-खालच्या पट्ट्यांची परीक्षा कानाने. नळ्यांच्या पोटाखालच्या पुढच्या आकड्यात (हुकात) बोट अडकवून नळ्या लोंबत्या धरायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच वाजवायच्या. डाख पक्का असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. पट्टी सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज. या नळ्या वाजतात, पण नाद लवकर मरतो. खालच्या पट्टीच्या पुढच्या टोकाला, कडीच्या मुळापाशी, चार सेंमीवर सुईचं टोक आत जातं. पट्ट्याचा झोका कायम त्या कडीवर पडतो म्हणून जर्मन बंदुकांत ही जागा आधी सुटते. आत पाणी शिरलं की दोन नळ्यांच्या मधे गंज वाढतो आणि बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही. दुरुस्ती होते, मात्र पट्टी पुन्हा डाखली की नळ्या पुन्हा काळ्या कराव्या लागतात. हा खर्च भावातून वजा करून बोलावं.

घट्टपणा पाहताना पुढचं लाकूड काढूनच पाहायचं. लाकूड लावलेलं असेल तर त्याची कमान सगळी ढिलाई झाकते. बंदूक बंद करून नळ्या डावी-उजवीकडे हलवल्या तर हालचाल शून्य हवी. उजेडाकडे धरल्यावर नळ्या आणि ब्रीचची उभी भिंत यांच्यात प्रकाशाची फट नको. सिगारेटचा एक पातळ कागद मधे ठेवून बंद केली तर तो घट्ट धरला गेला पाहिजे. ही बंदूक तिन्ही परीक्षांत उतरली. वरची कळ बंद स्थितीत मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे राहते, म्हणजे खिटीत झीज व्हायला अजून वाव आहे. डावीकडे गेलेली कळ म्हणजे खिटी झिजून संपत आली.

वरच्या पट्टीच्या मागच्या टोकातून आडवी खिटी जाते, ग्रीनर पद्धतीची. जर्मन बंदुकांवर ती जवळपास सक्तीने असते, आणि पुष्कळ नगांत ती नुसती शोभेची असते, कुठे टेकतच नाही. खात्री करायला खिटीवर दिव्याची काजळी धरायची, बंदूक दोन-तीनदा बंद-उघड करायची आणि पाहायचं. इथे काजळी खिटीच्या मागच्या कडेवर पुसली गेली, पुढे तशीच राहिली. म्हणजे खिटी अर्धीच काम करते. खालच्या दोन आकड्यांची पकड पूर्ण असल्यामुळे याने अडत नाही. बंदूक सैल असती आणि कोणी आकड्यावर हातोडीने ठोकून ती ‘घट्ट’ केली असती, तर तिथे चपटे डाग दिसले असते. ती मलमपट्टी शंभर बारांत जाते. योग्य काम म्हणजे बिजागरीला मोठ्या मापाचा नवा खिळा.

यंत्रणेची तपासणी डमी काडतुसं घालूनच करायची, रिकाम्या चेंबरवर चाप ओढला तर फायरिंग पिन तुटू शकते. पुढचा चाप उजव्या नळीचा, १.६ किलोवर सुटतो. मागचा डाव्या नळीचा, १.९ वर. दोन्ही स्वच्छ, घरंगळत नाहीत. सेफ्टीची खरी परीक्षा अशी: सेफ्टी लावायची, चाप जोरात ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. त्या क्षणी घोडा पडला तर बंदूक धोकादायक आहे, कारण चाप आतून अर्धवट सुटलेला असतो. इथे पडला नाही. मानेच्या बाजूला दोन बारीक पिना आहेत, घोडे चढले की त्या वर येतात. अंधारात अंगठ्याने चाचपून कळतं, ही सोय जर्मन कारागिरांनी फार आधी केली आणि ती खरोखर उपयोगाची आहे. एजेक्टरमध्ये मात्र दोष निघाला. उजवा डमी दोन मीटर फेकतो, डावा जेमतेम चेंबरच्या तोंडापर्यंत आणून सोडतो. कमान थकली आहे.

दस्ता अक्रोडाचा, रेषा सरळ, पकडीपाशी दाट. मानेच्या पट्टीमागे केसासारखी एक चीर आहे, १५ मिमीची. बाजूच्या पट्ट्यांसाठी लाकूड कोरून काढल्यामुळे या बांधणीत दस्त्याचं डोकं पातळ पडतं आणि चीर नेमकी तिथेच जाते. त्यातच डोकं तेलाने काळं झालंय. बंदूक वर्षानुवर्षं नळ्या वर करून ठेवली की ॲक्शनमधलं तेल लाकडात उतरतं, लाकूड मऊ होतं आणि बाराचा धक्का सोसत नाही. उपाय: ॲक्शन काढून खडूची पूड सॉल्व्हंटमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की झटकायचा, पूड पिवळी येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग चिरेत पातळ इपॉक्सी. आणि कपाटात बंदूक नळ्या खाली करून ठेवायची.

शिंगाचा चापरक्षक सुंदर आहे, म्हशीच्या शिंगाचा, काळा, उजेडात तपकिरी छटा. त्याच्या आतल्या बाजूला किड्याने कुरतडलेले तीन खळगे आहेत. शिंग म्हणजे केराटिन, लोकर आणि पिसं खाणाऱ्या अळ्या तेही खातात, आणि लोकरीच्या अस्तराच्या पेटीत बंदूक ठेवली की त्यांना आयतं घर मिळतं. मेण लावून अस्तर बदललं की पुरे. वाकलेलं शिंग गरम करून सरळ करायला जाऊ नये, ते पदरांत सुटतं.

मारा बघायला जर्मन पद्धतीची सोळा खणांची चकती वापरावी: व्यास ७५ सेंमी, अंतर ३५ मीटर. आतलं वर्तुळ निम्म्या व्यासाचं, त्यात चार खण, बाहेर बारा, सगळे समान क्षेत्रफळाचे. त्यामुळे छर्रे कुठे दाट आणि कुठे विरळ ते मोजून कळतं. २.५ मिमीच्या छर्ऱ्यांवर उजवी नळी सगळ्या खणांत सारखी भरते, अर्ध्या चोकची अपेक्षित वागणूक. डावी पूर्ण चोक, मध्ये दाट आणि कडेचे दोन-तीन खण जवळजवळ रिकामे. तितरासाठी उजवी, लांबच्या सशासाठी डावी. टाचेचा ७२ मिमी उतार आजच्या सवयीला जास्त वाटतो. डोकं सरळ ठेवून नेम धरणाऱ्याला तो सोयीचा, गाल दाबून धरणाऱ्याला बार खाली जातो आणि दस्ता गालाला लागतो. विकत घेण्याआधी खांद्याला लावून पाहणं म्हणूनच गरजेचं.

स्टीलचे छर्रे या बंदुकीत कधीही घालू नयेत. ते दबत नाहीत, जुन्या पूर्ण चोकपाशी नळी फुगते आणि पट्ट्यांचा डाख सुटतो. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागेत आणि तिच्या १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे चालत नाहीत. तिथे या बंदुकीसाठी बिस्मथची १६/६५ काडतुसं हाच मार्ग. ती महाग आहेत. बदकांच्या शिकारीसाठीच बंदूक हवी असेल तर ही घेऊ नये.

जुनी आहे, शोभेची आहे म्हणून जर्मनीत ती परवान्यातून सुटत नाही. ही आजही काडतूस उडवणारी बंदूक आहे. शिकार परवाना असलेल्याला लांब नळीची बंदूक त्या परवान्यावर घेता येते, दोन आठवड्यांत ती शस्त्रपत्रिकेत नोंदवायची आणि मानकाप्रमाणे प्रमाणित तिजोरी-कपाटात ठेवायची.

सोळा बोअरला आज मागणी कमी आहे. त्यामुळे साध्या नक्षीची सूल बॉक्सलॉक जर्मनीत काहीशे युरोंत मिळते, आणि याच बंदुकीवर मोठं नाव असतं तर भाव कितीतरी पटीने चढला असता. उजव्या पट्टीवरच्या कुत्र्यासाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही. आमच्या मते ही घ्यावी, फक्त पहिला बार उडवण्याआधी तीन कामं उरकावीत: खालची पट्टी डाखून घ्यायची, दस्त्याचं डोकं तेलमुक्त करून चीर भरायची, डाव्या एजेक्टरची कमान बदलायची. नळ्या पुन्हा काळ्या करण्याच्या गरम क्षारांच्या टाकीत पट्टीचा डाख विरघळतो. म्हणून गनस्मिथला आधीच सांगून ठेवायचं, काळं करणं जुन्या पद्धतीने, गंज चढवून आणि उकळत्या पाण्यात घालूनच.